छापलेले धवले

बंगलोर
८ ऑगस्ट १९९९

ताई,

नमस्कार. सोबतच्या खोक्यात फ्लॉप्या आहेत. आकड्यांच्या क्रमाने लावल्यात, तो क्रम मोडू नकोस. प्राचीला हात लावू देऊ नकोस, ती चौथीनंतर थेट नववी घालेल आणि मग मला फोन करून म्हणेल, मामा, तुझं विंडोज बिघडलंय.

हे विंडोज पंचाण्णव. मी तुला दिलेला लॅपटॉप अजून जुन्या ३.१ वर रडतखडत चालतोय. डिसेंबरनंतर असली जुनी यंत्रं साल चुकवणार. आम्ही ऑफिसात सध्या दुसरं काहीच करत नाही, लोकांच्या प्रोग्रामांतली सालं शोधायची आणि दोन आकड्यांची चार आकडी करायची. जगाची सालं मी दुरुस्त करतोय आणि सख्ख्या बहिणीचं यंत्र १९०० दाखवतंय, हे काही बरं दिसत नाही.

डिस्क लहान आहे, त्यामुळे आधी ती पूर्ण पुसावी लागेल. घाबरू नकोस. घर रंगवायच्या आधी सामान बाहेर काढतो ना, तसंच. तू टाइप केलेलं जे काही असेल ते एका फ्लॉपीवर काढून घे. मग पूस, मग नवं चढव, मग सामान परत आत. पायऱ्या वेगळ्या कागदावर लिहिल्यात.

आता वाईट बातमी. डिसेंबरात आमच्या सगळ्यांच्या रजा बंद. मी साहेबाला म्हणालो, भाचीचं लग्न आहे. तो म्हणाला, माझं स्वतःचं असतं तरी मिळाली नसती. तेव्हा बारा तारखेला मी मांडवात नसेन. प्राचीला तूच सांग, माझी हिंमत नाही.

आई कशी आहे? काही बोलते का?

तुझा,
कृष्णकांत


खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२९ ऑगस्ट १९९९

प्रिय कृष्णकांत,

खोकं मिळालं. गेल्या रविवारी बसले. बॅटरी मेलेली असल्यामुळे वायर लावूनच चालवावं लागतं, आणि अर्ध्यात वीज गेली. परत पहिल्या फ्लॉपीपासून. प्राची म्हणाली, "आई, हा लॅपटॉप नाही, पाटा आहे. मामाला सांग, पुढच्या वेळी वरवंटाही पाठव." तुझी रजा नाही हे मी तिला तेव्हाच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

आई कॉटवरून बघत होती. बोलत नाही. तोंडाची डावी बाजू अजून उतरलेली आहे. आपण बोललेलं कळतं, असं डॉक्टर म्हणतात. मलाही कधी कधी वाटतं, कधी कधी नाही.

संध्याकाळी विंडोज चालू झालं. पडदा हिरवट निळा. सगळं स्वच्छ. मी फ्लॉपी घालून आईच्या धवल्यांची फाइल उघडली.

कृष्णकांत, त्यात मराठी नाही. इंग्रजी अक्षरं आहेत, तीसुद्धा सरळ नाहीत. कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणाला शेपटी, कुणाला छत्री. पानामागून पान तसंच. मी शेवटपर्यंत बघत गेले. मग यंत्र बंद केलं आणि आईला पेज भरवली. मला वाटलं होतं मला रडू येईल. नाही आलं.

तू तेव्हा इथे नव्हतास म्हणून सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात मी सुट्टी काढून गव्हाणला जाऊन राहिले होते. आई एकेक धवला म्हणायची आणि मी टाइप करायची. ह्यांनी टेपरेकॉर्डर दिला होता, पण आई हात लावेना. "डबीन आवाज भरला का गल्यातला जातो गो." म्हणून टाइप केलं. डबीत आवाज भरलाच नाही, तरी यंदा मार्चमध्ये झटक्याने गेला.

प्राचीची सासू परवा विचारत होती, "धवलारीण म्हणजे नक्की काय हो?" त्या पनवेल गावातल्या, त्यांच्यात ही पद्धत नाही. मी म्हणाले, आमच्या आगऱ्यांत लग्न बाई लावते, गाऊन. भटजी असतो, पण तो नंतर. मांडवाची मेढ रोवण्यापासून मुलगी वाटेला लावेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला असतो, तो म्हटल्याशिवाय पुढचं काम होत नाही. माझी आई चाळीस गावांतली लग्नं लावायची. त्या म्हणाल्या, "अय्या, मग नातीच्या लग्नाला?"

तेच ठरवायचं आहे. आईच्या मागे ओळ उचलायला हौसाकाकू असायच्या, आठवतात ना, उलव्याच्या वाटेवरच्या. त्या म्हणतात, "मागं म्हनाला मला येतं, पुढं होवाला नाय येत. कागद देस तं वाचून म्हनीन. चौथी झालेली हाय मी." कागद मी लग्नाआधी छापून घेणार होते. घाई नव्हती, यंत्रात होतंच.

हे दुरुस्त होईल का, तेवढं कळव.

ताई


बंगलोर
१० सप्टेंबर १९९९

ताई,

काही गेलेलं नाही. आधी हे वाक्य दोनदा वाच, मग पुढे.

फाइलमध्ये अक्षरं नसतातच. नुसते आकडे असतात. त्या आकड्यांना रूप देतो तो फॉन्ट. मी बसवून दिलेल्या मराठी पॅकेजमध्ये एका आकड्याला 'म' म्हणायचं ठरलेलं होतं, दुसऱ्या कुठल्या पॅकेजमध्ये त्याच आकड्याला 'ढ' म्हणत असतील. प्रत्येक कंपनीचं वेगळं. डिस्क पुसली तेव्हा तो फॉन्ट गेला, म्हणून नवं विंडोज ते आकडे इंग्रजीत वाचतंय. आईचे धवले आत जसेच्या तसे आहेत, फक्त ते ओळखणारं कुणी उरलेलं नाही.

त्या पॅकेजच्या फ्लॉप्या मी कधीच कुणाला तरी देऊन टाकल्या. पण इथल्या महाराष्ट्र मंडळाचा अंक त्याच पॅकेजवर निघतो, मी विचारून आलो. तुझी फ्लॉपी रजिस्टरने पाठव. जाड पुठ्ठ्यात घाल. पोस्टातले लोक शिक्का मारताना सूड उगवल्यासारखे मारतात.

आणि यंत्रात घेतलेली ती टिंबाटिंबांची फाइल पुसून टाक. डिस्कवर मुळात जागा नाही, नवं विंडोज गुदमरेल. इथून नीट झालेली येईलच.

प्राची रागावली आहे का?

कृष्णकांत


नवीन पनवेल
२६ सप्टेंबर १९९९

प्रिय कृष्णकांत,

फ्लॉपी पाठवली. यंत्रातली फाइल पुसली. पुसताना यंत्राने विचारलं, नक्की? मी हो म्हणाले.

हौसाकाकू येऊन गेल्या. आईच्या पायाशी बसल्या. "ठमाबाय, वळखतेस काय गो मला?" आईने बघितलं. काकूंनी एक ओळ सुरू केली आणि थांबल्या, पुढची येईना. पुढची नेहमी आईच म्हणायची. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू लिवलंस ना गो सगलं? तुला येत आसल." मला येत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण टाइपिस्टच्या हातातून मजकूर जातो, डोक्यात राहत नाही. ऑफिसात इतकी वर्षं हेच केलंय. कानाला ऐकू येतं ते बोटांना जातं, मी मध्ये नसते.

एकच आठवतो. तो आईने माझ्या लग्नात म्हटला होता.

मांडवान हलद हाय, हलदीन पानी हाय
आमचे लेकीचे डोल्यान पानी नाय, पानी नाय

तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंच पाणी नव्हतं. मावश्या म्हणत होत्या, रड गो जरा, लोक काय म्हणतील. आईने हे म्हटलं आणि मावश्यांनीही मागून ओळ उचलली.

बाकीचे तुझ्याकडे आहेत. प्राची रागावलेली नाही. तिला रागवायला वेळ नाही, ब्लाउज शिवायला टाकायचे आहेत.

ताई


बंगलोर
३० ऑक्टोबर १९९९

ताई!

झालं! मंडळाच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी घातली, फॉन्ट निवडला आणि पडद्यावर आई उभी राहिली. मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारची माणसं बघायला लागली.

गेले सगळे रविवार मी तिथेच होतो. नुसतं उघडून थांबलो नाही. अंकाचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, त्या मागे येऊन वाचू लागल्या. म्हणाल्या, "हे कुठलं मराठी हो?" मी सांगितलं, माझी आई धवलारीण आहे, तिचं. त्या म्हणाल्या, "फार गोड आहे. फक्त थोडं शुद्ध करून घ्या, मग आपण अंकात घेऊ." मग मी बसलो. एकेक ओळ शुद्ध केली. तू घाईघाईत जसं ऐकलंस तसं टाइप केलं होतंस, ते साहजिकच आहे. आता सगळं व्यवस्थित आहे, विरामचिन्हंसुद्धा. चार धवले दिवाळी अंकात आले आहेत, खाली आईचं नाव: श्रीमती ठमाबाई, गव्हाण.

सोबत लेसर प्रिंटरवर काढलेली प्रत आहे, मोठ्या टाइपात, हौसाकाकूंना चष्म्याशिवाय दिसेल अशी. तुझी फ्लॉपीही परत पाठवतोय, नवी फाइल तीवरच ठेवली आहे. पुन्हा गोंधळ व्हायला नको म्हणून तो फॉन्टही सोबत घातलाय.

मला लग्नाला येता येत नाही, ताई. माझ्याकडून प्राचीला हे. आईला वाचून दाखव आणि तिला आवडलं का ते सांग.

कृष्णकांत


नवीन पनवेल
१२ नोव्हेंबर १९९९

प्रिय कृष्णकांत,

प्रत मिळाली. अक्षर फार सुंदर आहे. तुझे इतके रविवार गेले.

एक विचारायचं होतं. मी पाठवलेली मूळ फाइल तुझ्याकडे किंवा मंडळात कुठे आहे का? फ्लॉपीवर बघितलं, एकच आहे.

का विचारते ते सांगते. माझ्या लग्नातला धवला आता असा आहे:

मांडवात हळद आहे, हळदीत पाणी आहे;
आमच्या लेकीच्या डोळ्यांत पाणी नाही, पाणी नाही.

ह्यात चूक काही नाही. ऑफिसात कुणी असं टाइप करून आणलं असतं तर मी सही घेऊन पुढे पाठवलं असतं. पण मी ते स्वयंपाकघरात म्हणून बघितलं. 'नाय' ओढता येतं. आई ते ओढत ओढत नेऊन हौसाकाकूंच्या हातात द्यायची. ओढताना तोंड उघडं राहतं. 'नाही' ओढून बघ. दात दिसतात. हसल्यासारखं होतं.

आणि मी घाईघाईत टाइप केलं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांचं शुद्ध करत आले आहे, कारकुनांचं, साहेबांचंसुद्धा. त्या मे महिन्यात पहिल्यांदा काहीही दुरुस्त केलं नाही. ते मुद्दाम होतं. तुला सांगायला पाहिजे होतं का, कळत नाही. मला वाटलं, तुला दिसेल.

मूळ असेल तर पाठव. नसेल तर तसं कळव. मी रागावलेले नाही. खरंच नाही, मी स्वतःला विचारून बघितलं.

ताई


बंगलोर
२० नोव्हेंबर १९९९

ताई,

नाही. त्याच फाइलवर सेव्ह करत गेलो. मंडळाचं यंत्र दुसऱ्यांचं, म्हणून त्यातलं काम झाल्यावर पुसून टाकलं. यंत्रातली तुझी प्रत तू माझ्याच सांगण्यावरून पुसलीस. तीन दिवस मी ह्याच वाक्यापाशी थांबतोय.

मी एक प्रोग्राम लिहू शकतो. सगळे 'आहे' परत 'हाय', सगळे 'नाही' परत 'नाय', 'ळ'चे 'ल'. एका दिवसाचं काम. पण काल ऑफिसात बसून विचार केला, मी कितीतरी शब्द पूर्णच बदलले आहेत. काही मला कळले नाहीत म्हणून बदलले. काही ओळी मात्रांत बसेनात म्हणून पुढेमागे केल्या. ते काय होते मला आठवत नाही. प्रोग्राम जे बनवेल ते आईचं नसेल. कुणीतरी आईची नक्कल केल्यासारखं होईल.

ताई, पुण्याच्या हॉस्टेलात माझं नाव काय होतं तुला माहीत नाही. हायनाय. "ए हायनाय, जेवायला चल." "हायनाय, आज मासळी हाय का नाय रं?" पोरं वाईट नव्हती, माझ्या आजारपणात रात्रभर बसलेली पोरं आहेत ती. पण मी एका वर्षात बोलणं बदललं. त्या बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या तेव्हा मला एवढंच वाटलं, आईला कुणी हसता कामा नये. मला ते आईसाठीच करायचं होतं.

हौसाकाकूंना विचारून बघ ना, त्यांना आठवत असेल. चाळीस वर्षं मागे म्हणत होत्या. आणि आईला वाचून दाखव. कदाचित ती मान हलवून सांगेल, हे असं नाही, तसं.

दाखवलंस का? काय म्हणाली?

कृष्णकांत


नवीन पनवेल
१९ डिसेंबर १९९९

प्रिय कृष्णकांत,

लग्न नीट पार पडलं. प्राची सासरी बरी आहे. तू पाठवलेली साडी तिने वाटेला लागताना नेसली होती. तुझ्याशी फोनवर बोलली तेव्हा मुद्दाम हसत होती, ते तुला कळलं असेलच.

तू विचारलंस म्हणून सगळं लिहिते.

तुझं पत्र आल्यावर मी आईला रोज थोडं वाचून दाखवलं. छापलेलं वाचायची, मग मला आठवेल तसं बदलून वाचायची. मान हलली नाही. छताकडे बघायची. एकदा झोप लागली तिला. मग मी माझ्या मनानेच, जिथे खात्री होती तिथे, छापलेल्या शब्दाच्या वर पेन्सिलीने 'हाय', 'नाय' लिहीत गेले. खात्री फार थोड्या ठिकाणी होती. आई 'हातान' म्हणायची की 'हाती', हे मला, तिच्या मुलीला, सांगता येईना.

हळदीच्या आदल्या दिवशी हौसाकाकूंना कागद दिले. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून वाचलं. मी म्हणाले, काकू, पेन्सिलीचं आहे ते म्हणा.

"पेन्शिलीचं कुनी लिवलंय?"

"मी."

"आनि छापलंय ते?"

"कृष्णकांतने. तिकडे, बंगलोरला."

"मंग छापलेलं बरं गो. शिकलेला हाय त्यो. छापतात ते बघूनच छापतात ना."

मी म्हणाले, पण आई असं म्हणत नव्हती. तुम्हीसुद्धा नव्हता म्हणत. त्यांनी चष्मा काढला.

"म्हंजी इतकी वर्सं आमी आशुदच म्हनत होतो काय गो, ठमाबाय नि मी?"

मी नाही म्हणाले. तीन-चारदा म्हणाले. त्या पदराने चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "आसूंदे. शिकलेल्या मानसांत लगीन हाय. नीटच म्हनूया."

मेढ रोवताना त्या उभ्या राहिल्या आणि कागद बघून म्हटलं. सुरुवातीला शब्द अडखळत होते, मग बसले. गव्हाणच्या पोरी मागे म्हणत होत्या, त्यांना शाळेतल्यासारखं पटकन जमलं. कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कृष्णकांत. मी एकेकीचं तोंड बघत होते. उलट दोघीतिघी येऊन म्हणाल्या, ह्या वेळी सगळं कळलं, आधी निम्मं कळायचं नाही. प्राचीच्या सासूबाईंनी कागद मागून घेतले, त्यांच्या धाकट्याच्या लग्नाला उपयोगी पडतील म्हणून. मी दिले.

मला वाईट वाटलं असं लिहावं, पण तसंही नव्हतं. कुणाच्या तरी लग्नाला गेल्यासारखं वाटत होतं. मी अक्षता टाकल्या, पाहुण्यांना जेवायला बसवलं, हिशेबाने सगळ्यांची नावं आठवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ह्या वेळी कुणी रड म्हणालं नाही.

आईला आम्ही खुर्चीत बसवून मांडवाच्या खांबाजवळ ठेवलं होतं, हौसाकाकूंच्या अगदी समोर. मी मध्ये मध्ये तिच्याकडे बघत होते. तिने सगळं ऐकलं. कुठे ओठ हलले नाहीत, कुठे हात हलला नाही. जी बाई झोपेतसुद्धा दुसऱ्याची ओळ उचलायची, ती नीट बसून, लक्ष देऊन ऐकत होती.

तुला आवडलं का विचारायचं होतं ना. शेवटचा धवला संपला तेव्हा तिने उजवा हात मांडीवरून उचलला. मला वाटलं, पाणी हवंय. मी उठले. पण तिने तो हात कपाळाला नेला, मान वाकवली, आणि हौसाकाकूंना नमस्कार केला. भटजीचे मंत्र संपले की गावातल्या बायका करतात ना, एक शब्द कळलेला नसतो तरी, तसा.

ताई